डेट्रॉईटच्या तेराव्या नंबरच्या सीटला लव्हर्न बेकरचं पत्र 1955 मध्ये आलं होतं, उत्तर अजून बाकी आहे : खासदार श्री ठाणेदार यांना खुलं पत्र

मा. श्री ठाणेदार साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बेळगावचे, मी मिरजेची, म्हणजे शेजारचीच म्हणायला हरकत नाही. गेली चौदा वर्षं डेट्रॉईटमध्ये राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नाईट शिफ्ट करते आणि मिशिगनच्या ज्या तेराव्या मतदारसंघातून तुम्ही वॉशिंग्टनला जाता तिथली मतदार आहे. हेच सगळं इंग्रजीत लिहून तुमच्या ऑफिसला वेगळं पाठवलंय. मराठीत आणि उघड्यावर लिहायचं कारण असं की तुम्ही ते वाचू शकता, काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, मराठीत आत्मचरित्र लिहिलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही, आणि अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांनीही हे वाचून आपापल्या खासदाराला फोन करावा असं मला मनापासून वाटतं.

विषय एका गायिकेचा आहे. लव्हर्न बेकर. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही, मीही ऐकलं नव्हतं. आमच्या हॉस्पिटलच्या भागात जॉन आर स्ट्रीट आणि कॅनफिल्डचा कोपरा आहे, तिथून मी रोज पहाटे गाडीकडे चालत जाते. एकदा सोबत काम करणाऱ्या एका वयस्कर बाईंनी थांबवून सांगितलं, इथे फ्लेम शो बार होता, माझी आई नटूनथटून इथे गाणं ऐकायला यायची. आज तिथे उभं राहिलं तर काही म्हणजे काही कळत नाही. 1949 मध्ये सुरू झालेली जागा, 1963 मध्ये पाडून टाकली. पण त्या चौदा वर्षांत त्या स्टेजवर कोण कोण उभं राहिलं याची यादी काढायला बसलं की रात्र पुरत नाही, आणि त्या यादीत लव्हर्न बेकर फार वर येते.

ती मूळची शिकागोची, जन्म 1929 चा. सतरा-अठरा वर्षांची असताना तिला तिथल्या क्लबमध्ये 'लिटल मिस शेअरक्रॉपर' या नावाने उभं करायचे, म्हणजे बटईने शेती करणाऱ्या गरीब काळ्या कुटुंबातली पोर, ठिगळं लावलेले कपडे घालून. समोर बसलेली कितीतरी माणसं स्वतःच दक्षिणेतली शेती सोडून शहरात आलेली. त्या वेषात ती गायची आणि आवाज असा की लोक कपडे विसरून जायचे. पुढे डेट्रॉईटला आली, फ्लेम शो बारचे मॅनेजर तिचं काम बघायला लागले, 1953 मध्ये तिने न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सशी करार केला. तिकडे रूथ ब्राऊन आधीच गाजत होती, इकडे ही आली. ज्या संगीताला तोपर्यंत संगीताच्या धंद्याच्या साप्ताहिकात सरळ 'रेस रेकॉर्ड्स' म्हणजे एका वंशाच्या रेकॉर्ड्स म्हणायचे त्याला बिलबोर्ड या साप्ताहिकाने 1949 मध्ये 'रिदम अँड ब्लूज' हे नाव दिलं, आणि त्या नावाला सुरुवातीची वर्षं ज्यांनी घाम गाळून अर्थ दिला त्यात या दोघी बायका अगदी पुढे आहेत. पुढच्या रॉक अँड रोलची अर्धी तालीम यांच्या रेकॉर्ड्सवर झालेली आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुद्द्यावर येते.

1954 च्या शेवटी तिची 'ट्विडल डी' ही रेकॉर्ड आली. ऐकून बघा साहेब, अडीच-तीन मिनिटांचं गाणं आहे, लॅटिन झाकेचा ठेका, मागे पुरुषांचा कोरस, आणि ही मधेच आवाजाला असा झोका देते की ऐकणाऱ्याचा पाय हललाच पाहिजे. रिदम अँड ब्लूजच्या यादीत ती चौथ्या नंबरापर्यंत गेली आणि मुख्य पॉप यादीतही वर चढायला लागली, जे काळ्या गायिकेसाठी तेव्हा सोपं नव्हतं. तेवढ्यात मर्क्युरी या मोठ्या कंपनीने जॉर्जिया गिब्ज नावाच्या गोऱ्या गायिकेकडून तेच गाणं रेकॉर्ड करून बाजारात आणलं. नुसतं गाणं घेतलं नाही, सगळी बांधणीच उचलली, तोच ठेका, तोच कोरस, त्याच जागा, त्याच हरकती. अटलांटिकचे इंजिनिअर टॉम डाऊड यांनी नंतर सांगितलंय की अरेंजर आणि वादक तेच घेतलेत, आता इंजिनिअरही तोच हवा म्हणून त्यांनाही फोन आला होता, आणि त्यांनी नाही म्हटलं. लव्हर्नची रेकॉर्ड पॉप यादीत 14 व्या नंबरवर अडकली, गिब्जची 2 नंबरवर गेली. गोऱ्या श्रोत्यांच्या स्टेशनांवर कुठली वाजली असेल ते सांगायला नको.

यात बेकायदेशीर काहीच नव्हतं, आणि माझं दुखणं नेमकं तिथेच आहे. तेव्हा 1909 चा कॉपीराइट कायदा चालू होता. त्यात गाणं लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला एका प्रतीमागे 2 सेंट दिले की कोणीही ते गाणं रेकॉर्ड करू शकत होतं. रेकॉर्डवरच्या आवाजाला, गाण्याच्या तऱ्हेला, बांधणीला काडीचंही संरक्षण नव्हतं. गीतकाराला दोन्हीकडून पैसे मिळाले, ते योग्यच झालं. गायिकेला तिच्या उचललेल्या जागांचा एक सेंट मिळाला नाही.

लव्हर्नने हिशोब मांडला की आपलं रॉयल्टीचं सुमारे 15,000 डॉलरचं नुकसान झालंय, 1955 चे डॉलर हे लक्षात घ्या. आणि मग तिने ते केलं ज्यासाठी मी तुम्हाला हे सगळं लिहिते आहे. पंचविशीतली काळी मुलगी, क्लबमध्ये गाणारी, तिने डेट्रॉईटच्या खासदाराला पत्र लिहिलं की हा कायदा बदला, दुसऱ्याची बांधणी सुरामागे सूर अशी परवानगीशिवाय उचलणं बंद करा. खासदार होते चार्ल्स डिग्ज ज्युनियर. मिशिगनमधून निवडून गेलेले पहिले काळे खासदार, नुकतेच जानेवारी 1955 मध्ये शपथ घेतलेले, त्याच वर्षी पुढे एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचा खटला बघायला स्वतः मिसिसिपीला जाऊन बसलेले. चांगला माणूस होता. त्यांचा मतदारसंघ होता मिशिगनचा तेरावा.

तुमचाही तेरावाच. मला कळतं की सीमा कितीतरी वेळा बदलल्यात आणि नंबर म्हणजे नुसता नंबर असतो. पण डेट्रॉईटच्या त्याच नंबरच्या सीटवर आज माझी भाषा बोलणारा माणूस बसलाय हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पत्र त्या सीटला आलेलं आहे साहेब. काँग्रेसने त्यावर काही केलं नाही.

माझा काय संबंध, असं कोणीही विचारेल, म्हणून सांगते. माझी आई गाते. मिरजेत गल्लोगल्ली तंबोरे-सतारी बनतात, घरात गाणं असणं काही विशेष नाही, पण आईचा आवाज खरंच वेगळा होता. 1987 मध्ये एका कॅसेट कंपनीने तिच्याकडून आठ भक्तीगीतं रेकॉर्ड करून घेतली. दोन दिवस स्टुडिओत, तीनशे रुपये आणि येण्याजाण्याचं भाडं. कॅसेट जत्रेत, बस स्टँडवर बऱ्यापैकी खपायला लागली, आम्ही शाळेतून येताना पानपट्टीवर आईचा आवाज ऐकायचो आणि मुद्दाम हळू चालायचो. वर्षभरात त्याच कंपनीने तेच म्युझिक ट्रॅक ठेवून, फक्त आईचा आवाज काढून, एका नाव असलेल्या गायिकेकडून तीच गाणी गाऊन घेतली, अगदी आईने स्वतः बसवलेल्या ताना आणि ओळ संपताना ती घ्यायची तो छोटा हेलकावा सकट, आणि जुनी कॅसेट बाजारातून गेली. आई काही बोलली नाही. वडील कंपनीत जाऊन आले, कागद दाखवला गेला, खाली आईचीच सही होती. त्यानंतर आईने घराबाहेर गायचं बंद केलं. म्हणून लव्हर्नच्या पत्राबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हे पत्र माझ्या आईने लिहायला हवं होतं, तिला कोणाला लिहायचं तेच माहीत नव्हतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर लोक म्हणतील तुम्हाला कव्हर व्हर्जनच, म्हणजे दुसऱ्याचं गाणं परत गाणंच, नको आहे. तसं अजिबात नाही. तुकोबांचा एकच अभंग शंभर जणांनी शंभर चालींत गायला तर त्यात अभंग वाढतोच. लव्हर्नचाही दुसऱ्यांनी गाण्यावर आक्षेप नव्हता, तिचा राग नक्कल करण्यावर होता. तिने स्वतः 1958 मध्ये जुन्या ब्लूज गायिका बेसी स्मिथची गाणी घेऊन अख्खा अल्बम केला, आणि तो ऐकताना बेसीबद्दलचा आदरही दिसतो आणि आवाज पूर्णपणे लव्हर्नचा राहतो. गाणं घेऊन आपलं करणं वेगळं आणि दुसरीचा साचा उचलून तिलाच बाजारातून बाहेर ढकलणं वेगळं, हा फरक मिरजेतल्या कुठल्याही शिष्याला कळतो, तो कायद्याला कळायला काय हरकत आहे.

आता काँग्रेसबद्दलच्या तक्रारी. तुमच्याबद्दल नाहीत, तुम्ही 2023 मध्ये आलात, पण ज्या सभागृहाचे तुम्ही सदस्य आहात त्याबद्दल आहेत.

सर्वात मोठी तक्रार रेडिओची. माझ्या गाडीत एफएमवर जुनी गाणी लावणारं एक स्टेशन आहे, पहाटे घरी जाताना त्यावर कधीतरी लव्हर्नचं 'जिम डँडी' लागतं, रिदम अँड ब्लूजमध्ये पहिल्या नंबरवर गेलेलं गाणं. ते वाजलं की गीतकाराला पैसे जातात. गायिकेला, म्हणजे आता तिच्या वारसांना, शून्य. वादकांना शून्य. तेच गाणं मी फोनवर इंटरनेट रेडिओत ऐकलं तर कायद्याने पैसे द्यावे लागतात, त्यातले 45 टक्के थेट मुख्य कलाकाराचे आणि 5 टक्के साथ करणाऱ्यांचे. गाणं तेच, गाडी तीच, ऐकणारी मीच, मधे फक्त अँटेना आला की गायिका गायब. एएम-एफएमवर कलाकाराला पैसे न देणारे देश जगात मोजके राहिलेत, इराण, उत्तर कोरिया, क्युबा, आणि अमेरिका. आणि अमेरिका देत नाही म्हणून बाहेरचे बरेच देशही अमेरिकन कलाकारांचे त्यांच्याकडे जमलेले पैसे देत नाहीत, म्हणजे तोटा दुहेरी.

रेडिओवाले म्हणतात आम्ही प्रसिद्धी देतो, तेच मानधन समजा. लव्हर्नसमोर हे कोणी बोलून दाखवलं असतं का? तिच्याच गाण्याची नक्कल वाजवून रेडिओने गिब्जला प्रसिद्धी दिली. सांगतात की ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघताना लव्हर्नने विमानाचा विमा उतरवला आणि पैसे मिळणारी म्हणून जॉर्जिया गिब्जचं नाव टाकलं, कारण माझं काही बरंवाईट झालं तर तुझा धंदाच बसेल. हे वाचून लोक हसतात. मला हसू येत नाही, मला त्यात एक दमलेली बाई दिसते.

दुसरं, उशीर. 1972 च्या आधीच्या रेकॉर्ड्सना फेडरल कायद्याचं संरक्षणच नव्हतं, म्हणजे या सगळ्या बायकांचं आयुष्यभराचं काम कायद्याच्या बाहेर उभं होतं. डिजिटलवर वाजल्यावर जुन्या गायकांनाही पैसे द्यायचे हे काँग्रेसने ठरवलं 2018 मध्ये. लव्हर्न 1997 मध्ये गेली, रूथ ब्राऊन 2006 मध्ये. कायदा आता असा आहे की 1950 च्या दशकातल्या त्यांच्या रेकॉर्ड्सचा हक्क 2060 च्याही पुढे चालणार आहे, रेकॉर्डला एवढं लांब आयुष्य दिलंत पण गाणाऱ्या बाईला तिच्या हयातीत काही दिलं नाहीत.

रूथ ब्राऊनचंही सांगून टाकते, कारण ही एका बाईची गोष्ट नाही. अटलांटिकला 'रूथने उभारलेलं घर' म्हणायचे इतकी तिची गाणी खपली, आणि साठच्या दशकात तिने लोकांच्या घरी साफसफाई केली, शाळेची बस चालवली. हॉवेल बेगल नावाचे वकील मागे लागले तेव्हा कुठे 1988 मध्ये कंपनीने तिची आणि इतर जुन्या कलाकारांची हिशोबातली जुनी देणी माफ करून मागची 20 वर्षांची रॉयल्टी द्यायचं मान्य केलं, आणि त्याच लढ्यातून रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. हे एका हट्टी बाईने आणि एका वकिलाने मिळवलं, कायद्याने नाही दिलं.

लव्हर्नचं पुढे काय झालं? साठच्या दशकाच्या शेवटी ती व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांसाठी गायला गेली, तिथे आजारी पडली, फिलिपिन्समधल्या सुबिक बेच्या नौदल तळावर बरी व्हायला गेली आणि तिथल्याच क्लबमध्ये कार्यक्रमांची व्यवस्था बघत वीसेक वर्षं राहिली. वीस वर्षं साहेब! इकडे तिची गाणी वाजत होती, ती तिकडे सैनिकांच्या क्लबचं वेळापत्रक लावत होती. 1988 मध्ये परत येऊन मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर गायली, ब्रॉडवेवर रूथ ब्राऊनच्याच जागी उभी राहिली, 1991 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मान दिला, एकल गायिकांमध्ये अरीथा फ्रँकलिननंतर दुसरी. मधुमेहाने दोन्ही पाय गेले तरी व्हीलचेअरवर बसून गायली. मी लॅबमध्ये रोज साखरेचे रिपोर्ट काढते, पाय गेलेली माणसं मी बघते, अशा अवस्थेत स्टेजवर जायला काय लागतं ते मला माहीत आहे. गेली तेव्हा क्वीन्समधल्या मेपल ग्रोव्ह स्मशानभूमीत तिच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. अकरा वर्षांनी, 2008 मध्ये, तिथल्या स्थानिक इतिहासप्रेमींनी पैसे गोळा करून दगड बसवला. गेल्या वर्षी न्यूयॉर्कला गेले होते तेव्हा मुद्दाम जाऊन आले. आईने सांगितलं होतं म्हणून दोन मोगऱ्याच्या वेण्या मिळतायत का बघितलं, जॅक्सन हाईट्समध्ये एक मिळाली, ती ठेवली.

आणि तिसरी तक्रार आत्ताची आहे. 1955 मध्ये नक्कल करायला स्टुडिओ, अरेंजर, वादक लागत होते, आज एका माणसाला लॅपटॉपवर एआयने कुठल्याही गायिकेचा आवाजच उभा करता येतो. टेनेसी राज्याने 2024 मध्ये आवाजाच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याच्या नावाची अद्याक्षरं एल्विस अशी होतात. एल्विसच्या नावाने कायदा झाला याचा राग नाही, पण ज्या बाईने हीच गोष्ट 1955 मध्ये लिहून मागितली तिचं नाव त्या चर्चेत मला कुठे दिसलं नाही.

आपल्या देशातही सगळं आलबेल आहे असं म्हणणार नाही, आईचंच उदाहरण समोर आहे. लतादीदींनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी हवी म्हणून भूमिका घेतली तेव्हा रफीसाहेबांशी त्यांचं काही वर्षं द्वंद्वगीत बंद होतं, इतकं ते प्रकरण ताणलं गेलं. पण 2012 मध्ये भारताने कायदा बदलला. गायकांना त्यांच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला आणि नवीन गाण्याची कव्हर आवृत्ती पाच वर्षं करता येणार नाही असं ठरवलं. पाच वर्षं! लव्हर्नला पाच महिने जरी मिळाले असते तरी 'ट्विडल डी' तिची राहिली असती. दिल्लीला जे सुचलं ते वॉशिंग्टनला अशक्य का असावं हे मला कोणी समजावून सांगावं.

तर माझ्या मागण्या.

अमेरिकन म्युझिक फेअरनेस ॲक्ट हे विधेयक 2021 मध्ये आलं, 2023 मध्ये परत आलं, 2025 मध्ये परत आलं. एएम-एफएमने कलाकारांना पैसे द्यावेत एवढंच त्यात आहे, आणि लहान स्टेशनांचा विचार केलेला आहे, त्यांना वर्षाला 500 डॉलर किंवा त्याहून कमी, कम्युनिटी आणि कॉलेजच्या रेडिओला तर त्याहून किरकोळ. त्यामुळे गावातलं छोटं स्टेशन बुडेल ही भीती मला पटत नाही. यावर तुमची भूमिका काय आहे ती उघडपणे, होय किंवा नाही, सांगा. पाठिंबा असेल तर सहप्रायोजक म्हणून नाव द्या आणि मिशिगनच्या बाकीच्या खासदारांनाही सांगा. नसेल तर कारण सांगा, मी वाचेन, नीट विचार करेन.

एआयने केलेल्या नकलेविरुद्धचं नो फेक्स हे विधेयक 2025 मध्ये पुन्हा मांडलं गेलंय. त्यात कायदा होण्याच्या आधीच गेलेल्या जुन्या गायक-गायिकांचं संरक्षण निःसंदिग्ध शब्दांत असावं, अर्थ लावायला वकील लागू नये, यासाठी तुम्ही आग्रह धरावा.

सुनावणी होईल तेव्हा फक्त मोठ्या कंपन्या आणि मोठ्या नावांना न बोलावता डेट्रॉईटच्या जुन्या गायकांच्या, साथीदारांच्या घरच्या माणसांना बोलवा. फ्लेम शो बारमध्ये वाजवणाऱ्यांची मुलंनातवंडं याच शहरात आहेत, त्यातली काही आमच्या हॉस्पिटलात पेशंट म्हणून येतात आणि आपल्या बापाने कुठल्या रेकॉर्डवर सॅक्सोफोन वाजवलाय ते सांगतात, नाव छापलेलं नसतं.

आणि शेवटची मागणी, जिला पैसे लागत नाहीत आणि बहुमतही लागत नाही. सभागृहात सदस्यांना एक मिनिट बोलायला मिळतं. त्या एका मिनिटात लव्हर्न बेकरचं नाव घ्या, तिने 1955 मध्ये डिग्ज यांना लिहिलं होतं हे सांगा, म्हणजे ते काँग्रेसच्या कामकाजात छापलं जाईल.

मी पुढच्या महिन्यात तुमच्या डेट्रॉईटच्या ऑफिसमध्ये येणार आहे, सोबत त्या वयस्कर बाई पण येतो म्हणाल्यात. आई सध्या इकडे आलेली आहे, तिलाही आणेन. तिला इंग्रजी फारसं येत नाही, तुमच्याशी मराठीत बोलता येईल म्हणून ती तयार झाली. काय सांगायचं ते तिने ठरवलंय, मला अजून सांगितलेलं नाही.

आपली,
मिरजेची एक मतदार
डेट्रॉईट